मटारची दुसरी पिशवी

शोना विचारते, शून्य ते दहात किती?
मी म्हणते, सहा.
सहा म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नाही, मलाही.
माझ्याकडे ठणका आहे, तो रात्रीचा.
कळ आहे, ती कूस वळताना.
चमक, रग, टाक्यांपाशी ठसठस,
आणि पोटरीत काहीतरी,
ज्याला आईनं नाव दिलं नव्हतं.
शोना वहीत सहा लिहिते.

वही माझीच. मागच्या पानांवर
ब्याण्णव सालचा दुधाचा हिशेब,
पुढे आता गोळ्यांचा.
सकाळी सहा, पॅरासिटामॉल, दोन.
आठ, कोडीन. सोबत भिजवलेले मनुके,
का ते कोडीन घेणाऱ्याला विचारा.
बारा, पुन्हा दोन.
"दुखायच्या आधी घ्यायची," शोना बजावते,
"दुखल्यावर घेऊन उपयोग नाही."
वरातीमागून घोडं, मी मनात म्हणते.
पण मी तर उलटं शिकले होते:
आधी सोसायचं,
अगदीच झालं तर सांगायचं,
तेही दुसऱ्या कुणाचं निमित्त करून.

गुडघा दुखत नाही म्हणे. तो धातूचा.
दुखतं ते त्याच्याभोवतीचं. स्नायू, शिरा, कातडी,
जुने रहिवासी,
ज्यांना न विचारता कुणी नवा बिऱ्हाडकरू आणून बसवलाय.
जुळायला बारा आठवडे लागतात. कधी वर्ष.
डंडीतल्या या जिन्यात आम्ही आलो
त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली.
खालच्या मिसेस गिलक्रिस्टला किती आठवडे लागले
मोजलं नाही.
एका नाताळात दाराशी शॉर्टब्रेडचा डबा होता,
बेल वाजली नव्हती.

टाच घसरायला गुळगुळीत काही हवं.
त्र्यंबकनं परात आणली, टाल्कम भुरभुरली.
पलंगावर मी, परातीत माझा मोजा घातलेला पाय,
पुढे, मागे, पुढे,
पिठी लावून लाटावं तसं.
शोना प्लास्टिकचा कोनमापक लावते.
त्र्याहत्तर.
नव्वद हवेत.
तीस वर्षं मी इथल्या पोरांना काटकोन शिकवला.
आता मलाच येत नाही.

रात्रीचे तीन.
टे नदीवरून धुकं चढलंय, पुलाचे दिवे बुडाले.
उशी पायाखाली घेते, काढते, पुन्हा घेते.
मॉर्फिन, पाच मिलिलिटर, पाकासारखं गोड.
आधी वहीत लिहिते, मग पिते,
नंतर अक्षर लागत नाही.
सासूबाई सांगायच्या,
पाच बाळंतपणं, तोंडातून हूं नाही.
त्यांना औषध कुणी देऊ केलं होतं का
हे मी विचारलं नाही,
तेव्हा माझे गुडघे चांगले होते.

बर्फाऐवजी मटार. टॉवेलात गुंडाळून वीस मिनिटं.
पिशवी वितळते, गोठते, पुन्हा वितळते.
तिच्यावर मी मार्करनं लिहिलंय: गुडघा.
दुसरीवर काही नाही, ती खायची.

शुक्रवारी उसळ झाली.
ओला नारळ नव्हता, सुकं खोबरं भाजून घातलं त्यानं.
मटार जरा मऊ, पण चव होती,
मी वाटी बोटानं पुसून घेतली.
मग माझी शेकायची वेळ झाली,
म्हणजे शेकायची नव्हे, गारठवायची,
आणि त्र्यंबक फ्रीझर उघडून
बराच वेळ पाठमोरा उभा.
काय झालं?
"गुडघा," तो म्हणाला, "संपला."

मी हसले.
टाके ओढले गेले, कळ पार कमरेपर्यंत,
शोना असती तर आठ म्हटलं असतं, नऊही.
थांबता येईना.
तो तिथंच खुर्ची धरून वाकलेला,
डोळे पुसतोय, आणि पुन्हा म्हणतोय, संपला.

नंतर वहीत लिहिलं:
रात्री पावणेनऊ. उसळ, एक वाटी.
पुढच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो.
तो तसाच ठेवलाय.